घनचक्करची वाट: सांगायची कशी, चालायची कशी

मागच्या खेपेला आपण गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो. आज वहीचंच बोलायचंय, पण वेगळ्या वहीचं. ती आमच्या चहाच्या टपरीत खिळ्याला टांगलेली असते. त्यात डोंगरावर कोण गेलं आणि कोण उतरलं, एवढंच लिहिलेलं असतं. ती वही का करावी लागली, ते आधी सांगतो.

आमचं गाव अकोले तालुक्यात, घनचक्कर डोंगराच्या पायथ्याला. अकोले म्हटलं की लोकांना कळसूबाई आठवते. ते साहजिक आहे. १६४६ मीटर उंचीचं ते आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. तिथं लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, नवरात्रात तर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. घनचक्कर तिच्याहून शंभर-सव्वाशे मीटरनंच कमी, साधारण १५३० मीटर. पण इथं शिडी नाही, पाटी नाही, दगडावर रंगवलेला बाण नाही. खालून चढत गेलं की एक खिंड लागते. खिंडीच्या एका अंगाला भैरवगड. तिथं भैरवनाथाचं ठाणं आहे, खोदलेल्या पायऱ्या आहेत, पाण्याची टाकी आहेत, यात्रेकरू असतात. दुसऱ्या अंगाला घनचक्कर. त्या अंगाला कोणी पायरी खोदली नाही आणि कोणी नवसही बोललं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. मोटारसायकलवर दोन कॉलेजची पोरं आली. अकराच्या सुमाराला आमच्याकडे पोहे खाल्ले, चहा घेतला आणि विचारलं, "मावशी, घनचक्करची वाट कुठली?" टपरीत आम्ही चौघी होतो. चौघींनी एकदमच सांगितलं: खिंडीत गेलात की भैरोबाकडे वळू नका, दुसऱ्या अंगाला धरा, मग सरळ वर. पोरं "थँक्यू मावशी" म्हणाली आणि गेली. आम्ही भांडी घासली, टपरी बंद केली, घरी गेलो.

रात्री सात वाजता आमच्यातली एक दळण घेऊन येत होती. तिला ती मोटारसायकल तिथंच उभी दिसली.

गावातले पुरुष बॅटऱ्या घेऊन गेले, हाका मारत फिरले. पोरं सापडली दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, भलत्याच सोंडेच्या खाली, एका कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी बसलेली. एकाचा पाय मुरगळलेला. दोघांचं पाणी आदल्या दुपारीच संपलेलं. जिवावर बेतलं नाही, एवढंच. त्यातल्या एकाच्या आईचा फोन रात्रभर आमच्यातल्या एकीकडे येत होता. ती माउली रागावली नाही. फक्त पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. वाटही सांगितली होती. सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता. तरी पोरं चुकली. मग आमचं कुठं चुकलं, यावर गटाच्या पुढच्या दोन बैठका गेल्या. हप्ते गोळा करायचं राहिलं, पण हे बोलणं झालं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या पायाखालची वाट आम्हाला दिसते म्हणून ती तिथं आहे असं आम्ही धरून चालतो. आमच्यातली एक वडीलधारी आहे, सगळं गाव तिला मामी म्हणतं. मामी सासरी आली तेव्हापासून त्या डोंगरात जाते: हिरड्याला, सरपणाला, कुडाच्या भिंतीला लागणाऱ्या कारवीला, चुकलेल्या गाईच्या मागं. ती म्हणाली, "सरळ म्हणजे काय गं? डोंगरात सरळ काय असतंय?" तेव्हा आमच्या लक्षात आलं की 'सरळ वर' म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे चार वळणं, एक कातळ आणि एक जांभळीचं झाड असतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यातलं काही नसतं.

दुसरी गोष्ट. या वाटा कोणी आखलेल्या नाहीत. त्या चालून पडलेल्या आहेत. गुरं चरायला गेली, त्यांची वाट पडली. बाया मोळीला गेल्या, त्यांची पडली. पलीकडच्या गावात लेक दिली, तिला भेटायला जायची पडली. वापर असेपर्यंत अशी वाट जिवंत राहते, आणि आता तो वापर कमी झालाय. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर आले. गॅस महाग झाल्यावर चूल परत पेटते, तो भाग वेगळा. पण आमच्या आईच्या वेळेसारखं रोज कोणी मोळीला जात नाही. गुरंही कमी झाली. पाठीचं ओझं कमी झालं याचं आम्हाला वाईट वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. फक्त त्याबरोबर वाट बुजत चालली, हे खरं. कारवीचं रान माणसाच्या डोक्याइतकं, काही ठिकाणी त्याहून उंच वाढतं. सात वर्षांनी ती फुलते आणि मग वाळते. वाळलेल्या काठ्या आडव्या पडल्या की वाट होती कुठं आणि रान कुठं, काही कळत नाही.

म्हणून मग आम्ही ठरवलं की दुसऱ्याला सांगण्याआधी आपण स्वतः चालून बघायचं, मामीला पुढं घालून. अकरा जणी निघालो. आमच्यातल्या चौघी त्याच गावच्या सुना असून माथ्यावर एकदाही गेलेल्या नव्हत्या. कामाशिवाय डोंगरावर जायचं, हे सासूला सांगताना एकीनं 'उमेदचं ट्रेनिंग आहे' असं सांगितलं होतं. असो.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथं झाड तोडायचं नाही, जाळ करायचा नाही, आणि बाहेरच्या माणसानं वन विभागाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. आम्हीही आधी वनरक्षकांना सांगितलं. पाटी नसलेली वाट म्हणजे धन्याशिवायचं रान, असं कोणी समजू नये.

पहाटे साडेपाचला निघालो. खिंडीपर्यंत गप्पा चालल्या होत्या. खिंडीच्या पुढे मामीनं गप्पा बंद करायला लावल्या आणि एकेकीला विचारायला लागली, "आता कुठनं?" समोर तीन वाटा. तिन्ही सारख्याच मळलेल्या. आम्ही सगळ्यात रुंद होती ती दाखवली. मामी हसली. ती ढोरवाट होती.

ढोरवाट ओळखायची कशी, ते नीट ऐका, कारण निम्मी चुकामूक तिथंच होते. गुरं उतारावर आडवी चालतात. त्यांना माथ्यावर काही काम नसतं. त्यांना गवत हवं आणि पाणी हवं. म्हणून ती वाट रुंद दिसते, पण उंची न वाढवता डोंगराच्या कडेकडेनं जात राहते, आणि थोड्या वेळानं तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात, आणि शेवटी गवतात विरून जाते. झुडपाखालून जाते तेव्हा तिची उंची गाईच्या पाठीएवढी असते. आपल्याला वाकावं लागलं की समजायचं, ही आपली नव्हे. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या आणि खांद्याच्या उंचीला फांद्या मोडलेल्या असतात, जुने कोयत्याचे घाव दिसतात. चढाच्या ठिकाणी हात टेकून टेकून दगड गुळगुळीत झालेला असतो, झाडाचं मूळ चकाकत असतं. मामी तर कातळावर हात फिरवून सांगते. आम्हाला अजून ते जमत नाही.

पुढचं आहे ते डोंगराच्या घडणीचं. आमच्यातल्या एकीचा बी.ए.ला भूगोल होता. तेव्हा तिनं हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पायाखाली घेतलं त्या दिवशी. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर साठत गेले. भाकऱ्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. त्यातले काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, तिथं उतार आणि सपाटी होते, माती धरते, रान उगवतं. टणक थर तसाच उभा राहतो, तो झाला कडा. म्हणून आपला डोंगर पायरी-पायरीचा दिसतो: सपाटी, मग कडा, मग सपाटी, मग कडा. वर जायचं तर कड्याला जिथं भेग आहे, नाळ आहे, तिथूनच जाता येतं. अशी जागा एका थराला एखाददुसरीच असते. ती सापडली तर माथा मिळतो, नाही तर सपाटीवर दिवसभर गोल फिरा.

यातूनच एक जीव वाचवणारी गोष्ट निघते. वाट चुकली की ओढ्याच्या काठानं खाली उतरा, पाणी गावाकडेच जातं, असं पुष्कळ जण सांगतात. सपाट मुलखात ते चालत असेल. आमच्याकडे ओढा कड्यावरून उडी मारतो. पावसाळ्यात जिथं धबधबा दिसतो, तिथं हिवाळ्यात कोरडी घळ असते आणि तिचं तोंड वरून दिसतच नाही. ती दोन पोरं नेमकी अशाच घळीत उतरली होती. उतरताना चार-पाच मोठ्या दगडांवरून घसरत आली, मग पुढे कडा आणि मागं चढता येईना. वेळीच बसून राहिली ते त्यांचं शहाणपण. म्हणून लक्षात ठेवा, हरवलात तर ओढ्यात उतरायचं नाही. आल्या पावली परत, शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत. ते जमत नसेल किंवा अंधार पडला असेल, तर आहे तिथंच बसायचं.

आता पोरं मुळात चुकली कुठं, तर उतरताना. हेही आम्हाला चालल्यावरच कळलं. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा वर वर येत एकमेकींना मिळतात. कुठल्याही सोंडेवरून चढलात तरी माथ्याकडेच जाता. उतरताना उलटं. एका सोंडेच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि चारी चार गावांना जातात, किंवा कुठंच जात नाहीत. घनचक्करचा माथा टोकदार नाही, लांब-रुंद पठार आहे. आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन होतं. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, दोन्ही स्वच्छ दिसत होते. आम्ही भाकऱ्या सोडल्या, ठेच्याचा डबा फिरला, दोघी-तिघींनी फुगडीही घातली. एवढ्यात खालून ढग चढला आणि पाच मिनिटांत दहा पावलांवरची बाई दिसेना. मामी म्हणाली, "आता सांगा, आलो कुठनं?" अकरा जणींनी तीन दिशांना हात केले.

मामीनं काठी दाखवली. येताना तिनं पठाराच्या तोंडाशी एका दगडावर आपला लाल रुमाल बांधून ठेवला होता आणि तिथपासून पावलं मोजली होती. आम्ही त्या वेळी हसलो होतो.

आता आम्ही हे असं करतो. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक कातळापाशी थांबायचं, मागं वळायचं आणि परतीची वाट कशी दिसते ते बघायचं. येतानाची वाट आणि जातानाची वाट एकच असली तरी दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. मोबाइल असेल तर मागं वळूनच फोटो काढायचा. आपले फोटो मग काढा.

वेळेचा नियमही त्याच दिवशी केला. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि नाळेत त्याच्या आधीच अंधार होतो. त्यामुळे दुपारचे बारा वाजले की असाल तिथून मागं फिरायचं. माथा समोर दिसत असला तरी. यावर सगळ्यात जास्त वाद होतात. शहरातून सुट्टी काढून आलेल्या माणसाला "अर्ध्या तासावर आहे, पण फिरा" म्हणणं सोपं नाही. एकानं आम्हाला पैसे परत मागितले होते. दिले नाहीत. आठनंतर आलेल्याला आम्ही आता सरळ नाही म्हणतो, पोहे मात्र देतो.

मध्यंतरी बाण रंगवायचा विषय निघाला. गावातल्या तरुण पोरांनी डबा आणि ब्रशही आणला होता. अभयारण्यात असं परस्पर रंगवता येत नाही, हे एक. पण त्याशिवायही आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, बाण असते तर ती पोरं रात्री घरी असती. हे अगदीच खोटं नाही. मामीचं म्हणणं वेगळं होतं. बाण असला की माणूस एकटा जातो, कोणाला विचारत नाही, आणि धुक्यात बाण दिसत नाही. शिवाय बाण फक्त वाट सांगतो. पाणी किती घेतलंस, निघालास किती वाजता, हे तो विचारत नाही. मग लगोरीसारखे दगड रचून बघितले. महिनाभरात कोणीतरी हौसेनं भलत्याच ठिकाणी तशाच लगोऱ्या रचल्या. शेवटी तेही मोडून टाकलं. आमच्यातल्या दोघींना अजून बाण हवेच आहेत, आणि त्या दर बैठकीत तसं म्हणतात.

म्हणून सध्या ठरलंय ते असं. वाट सांगायची नाही, वाटेला बरोबर जायचं. गटातल्या सात जणी आता लोकांना घेऊन जातात. वाटाड्या म्हटला की पुरुषच, असं लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं. पहिल्यांदा बघून काही जण विचारतात, "कोणी दादा नाही का?" दादा आहेत, पण ते मोळीला कधी गेले नाहीत. एका बाईचे दिवसाचे ८०० रुपये, एका बाईमागं सहाच माणसं, आणि सहाच्या वर झाली तर दोघी, एक पुढं आणि एक सगळ्यात मागं. चालीचा वेग मागच्या माणसाचा. ८०० मधले ७०० तिचे, १०० गटाचे. त्या शंभरातून शिट्ट्या, बॅटऱ्या, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली. पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद. कातळ शेवाळतो आणि जळवा सोडत नाहीत. मार्चनंतरही शक्यतो नाही. पाणी आटतं आणि वणव्याची भीती असते. वाळल्या गवतावर चप्पल घसरते, म्हणून आम्ही बुटांसाठी गटातूनच बिनव्याजी उचल दिली. साडीवर बूट, असं सुरुवातीला गाव हसलं.

माणशी तीन लिटर पाणी बघितल्याशिवाय निघायचं नाही. बाटली उचलून बघायची, तोंडी विश्वास नाही. अत्तर, फवारा, धूर यांनी कड्यावरची आग्या माशी उठते. तेव्हा अंगाला वास लावून आलेल्याला तोंड-मान धुवायला लावायची. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून तिथून लांब निघायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. फुरसं किंवा घोणस चावली तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. भगताकडे नंतर जायचं तर जा, आधी सुई. मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. आमच्या शाळेतल्या पोरांनाही हे पाठ आहे. सुरुवातीला ती उगाचच वाजवायची, आता नाही.

आणि तरीही कोणी म्हणालंच, की आम्ही आमचे जाणार, फक्त वाट सांगा, तर 'सरळ' हा शब्द बंद. त्याच्याऐवजी तीन गोष्टी सांगायच्या: पुढची खूण कोणती, तिथं पोचायला किती वेळ लागेल, आणि चुकलात तर काय दिसेल. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. जांभळीच्या झाडापासून अर्ध्या तासात कातळ आला नाही आणि पायवाट उताराला लागली, तर चुकलात, जांभळीपाशी परत या. एवढं सांगितलं की माणूस लवकर सावध होतो. मग वहीत नाव, घरच्यांचा फोन नंबर, निघाल्याची वेळ. उतरल्यावर टपरीवर येऊन सही केल्याशिवाय जायचं नाही. गाडीची किल्ली आम्ही ठेवून घेतो. यावर काही जण चिडतात. चिडू देत.

संध्याकाळी साडेपाचला ज्या बाईची पाळी असेल ती वही बघते. सही राहिली असेल तर ती वनरक्षकांना आणि पोलीस पाटलांना फोन करते, आणि गरज पडली तर ११२ ला. सातपर्यंत थांबत नाही.

तुमच्या गावालाही असा बिनपाटीचा डोंगर असेल, आणि शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या असतील. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या बाजूला काय गर्दी होते, ते तुम्ही बघताच. तर दिवाळी झाली, गवत कापून झालं, की एक दिवस काढा आणि गावातल्या सगळ्यात जुन्या बाईला पुढं घालून वर जाऊन या. मामी या वर्षी आली नाही. तिचे गुडघे धरलेत. ती आता खिंडीपर्यंत येते, तिथं बसते आणि परत येणाऱ्यांना विचारते, जांभळीला या वर्षी फांदी राहिली का.